रुग्णांच्या नोंदींवरून कर्करोगाचं सरस औषध ठरवता येतं का?

औदुंबर: रुग्णालयांतल्या हजारो नोंदी चाळून 'हे औषध त्यापेक्षा सरस' म्हणायला माझा ठाम विरोध आहे. घशाच्या कर्करोगात सिस्प्लॅटिन हे औषध कोणाला देतात? ज्याची किडनी धड आहे, कान शाबूत आहेत, उलट्या सोसायची ताकद आहे त्याला. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असलं, म्हणजे किडनी नीट चालत नसली, की डॉक्टर कार्बोप्लॅटिन या किडनीला कमी जाचणाऱ्या औषधाकडे वळतात. मग सिस्प्लॅटिनवाले जास्त जगले, तर श्रेय औषधाचं की मुळातल्या तब्येतीचं? मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणारे रुग्ण कर्करोगातही जास्त जगतात, असं नोंदींत वर्षानुवर्षं दिसत होतं. मग मधुमेह नसलेल्या ३६४९ स्तनकर्करोग रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, एकाच गटाला मेटफॉर्मिन देऊन चाचणी झाली. २०२२ चा निकाल: आजार परतणं काही टळलं नाही.

मीरा_सातारा: पटलं नाही. चाचणीत घेतात कोणाला? पंच्याहत्तरीचे, हृदयविकार असलेले बहुतेक बाहेरच राहतात. आणि स्तनाचा कर्करोग झालेले पुरुष? शंभर रुग्णांत जेमतेम एक. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने एप्रिल २०१९ मध्ये पालबोसिक्लिब हे स्तनकर्करोगाचं औषध पुरुषांसाठी मंजूर केलं, ते प्रत्यक्ष उपचारांच्या नोंदी पाहूनच.

औदुंबर: मीराताई, ते औषध बायकांवरच्या चाचण्यांत आधीच खरं उतरलं होतं. पुरुषांच्या नोंदींत दोन औषधांची तुलना नव्हतीच.

कोरांटी: नोंदींवरच काम करते म्हणून सांगते. समजा नवं औषध निदानानंतर तिसऱ्या महिन्यात सुरू झालं. म्हणजे त्या गटात तोवर जगलेलेच आले. ते तीन महिने औषधाच्या खात्यात धरले की औषध आपोआप जिंकतं! दोन्ही गटांचं घड्याळ एकाच क्षणी सुरू केलं तर हा दोष टळतो. पण रुग्ण किती हिंडूफिरू शकतो हे सांगणारा 'ईसीओजी'चा रकानाच कोरा असेल, तर कुठलंही गणित ती उणीव भरून काढत नाही.

मीरा_सातारा: मान्य. पण चाचणीला पैसा कोण देणार? स्वस्त औषधात कंपन्यांना रस नसतो.

औदुंबर: मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने करून दाखवलं की! डोक्या-मानेच्या पसरलेल्या कर्करोगात, नेहमीच्या उपचारांसोबत दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारं औषध फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. १५१ रुग्ण. वर्षभर जगणारे १६ टक्क्यांवरून ४३ वर गेले.

मीरा_सातारा: उत्तमच. पण ज्या औषधाची अशी चाचणीच झाली नाही, ते ऐंशीच्या आजीला द्यायचं की नाही? डॉक्टरांना तिच्यासारख्यांच्या नोंदीच बघाव्या लागतील. कोरांटी म्हणते तो रकाना आधी सगळीकडे सक्तीचा करा.