मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांसाठी कोणती क्लाउड सेवा निवडावी?

ध्वनिवेध (प्रश्न)

नमस्कार. आम्ही तिघेजण वयोवृद्ध कारागिरांच्या मुलाखतींचा एक संग्रह तयार करीत आहोत. ध्वनिमुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ वेव्ह स्वरूपात होते, म्हणजे एका तासाला साधारण १ जीबी जागा लागते, आणि आजवरचा साठा ४०० जीबीच्या आसपास गेला आहे. प्रत्येक मुलाखतीचे श्रुतलेखन आम्ही वर्डमध्ये करतो आणि संदर्भांच्या नोंदी झोटेरोमध्ये ठेवतो. माझ्याकडे विंडोजचा लॅपटॉप आणि लिनक्सचा डेस्कटॉप आहे, एक सहकारी मॅक वापरतात आणि दुसऱ्या सहकारी विंडोज. सध्या सगळी देवाणघेवाण पेनड्राइव्ह आणि ईमेल यांवर चालते. त्यामुळे एकाच श्रुतलेखनाच्या अनेक आवृत्त्या तयार होऊन अंतिम कोणती हे ठरवण्यातच वेळ जातो.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स आणि मेगा या सेवांची माहिती मी वाचली आहे. तुलनेचे जे तक्ते मिळतात त्यांत मुख्यतः फुकट मिळणारी जागाच दिलेली असते: गूगलची १५ जीबी, मायक्रोसॉफ्टची ५, ड्रॉपबॉक्सची २, मेगाची २०. आमच्या साठ्यापुढे हे सगळेच आकडे तोकडे आहेत, त्यामुळे पैसे भरावे लागणार हे आम्ही गृहीत धरले आहे. मात्र हे साहित्य पुन्हा मिळवता येणार नाही, कारण ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांपैकी काही जण आज हयात नाहीत. म्हणून जागेपेक्षा भरवशाचा विचार आधी करायचा आहे. अशा कामासाठी कोणती सेवा योग्य ठरेल, आणि ती सेवाच उद्या बंद पडली तर काय करावे?

रानवाट

आपण एका सेवेबद्दल विचारता आहात, परंतु आपल्याजवळचे साहित्य दोन अगदी वेगळ्या स्वभावांचे आहे, आणि ते एकाच फोल्डरमध्ये ठेवण्याचा आग्रह सोडला तर निवड पुष्कळ सोपी होईल. मूळ वेव्ह फाइल एकदा तयार झाली की तिच्यात पुन्हा काहीही बदलायचे नसते. ती फक्त जशीच्या तशी टिकायला हवी. श्रुतलेखने मात्र रोज बदलतात, अनेक हातांतून जातात, आणि शेकडो झाली तरी आकाराने किरकोळच राहतात. ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हसारख्या सिंक सेवा, म्हणजे सगळ्या संगणकांवरच्या प्रती आपोआप सारख्या ठेवणाऱ्या सेवा, या दुसऱ्या प्रकारच्या फाइलींसाठी बनलेल्या आहेत. न बदलणारे ४०० जीबी चार संगणकांवर सतत सिंक करत राहण्याने आपल्याला काहीही मिळत नाही; उलट धोका वाढतो.

धोका वाढतो तो असा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका संगणकावर फाइल पुसली गेली की ती सगळीकडून पुसली जाते, आणि एखाद्या रॅन्समवेअरने एका लॅपटॉपवरच्या फाइली कुलूपबंद केल्या तर त्या खराब झालेल्या प्रतीही तितक्याच तत्परतेने सर्वत्र पोहोचतात. पुसलेले परत मिळवण्याची मुदत असते, पण ती लहान असते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधील फाइली २०२० च्या ऑक्टोबरपासून ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात, आणि ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यातही मुदत ३० दिवसांचीच आहे. रोज उघडल्या जाणाऱ्या श्रुतलेखनासाठी एवढा अवधी पुरतो. परंतु मुलाखतीची मूळ फाइल वर्षभर कोणी उघडतही नाही, त्यामुळे ती गेली आहे हे कळेपर्यंत मुदत संपलेली असते.

म्हणून ध्वनिमुद्रणांसाठी माझे मत स्पष्ट आहे: त्यांच्या तीन प्रती असाव्यात, दोन हार्ड डिस्कवर, त्याही वेगवेगळ्या ठिकाणी, आणि तिसरी एखाद्या ऑब्जेक्ट स्टोरेज सेवेत, म्हणजे फाइली नुसत्या साठवून ठेवणाऱ्या सेवेत. ॲमेझॉनची एस-थ्री २००६ पासून आणि बॅकब्लेझची बी-टू २०१५ पासून चालू आहे. या सेवांत फोल्डर आपोआप जुळवले जात नाहीत आणि दिसायला आकर्षक असे काही नसते, पण आपल्या कामाला तेच हवे आहे. डाउनलोडचे दर मात्र आधी नीट वाचून घ्या, कारण साठवणे स्वस्त आणि परत काढणे महाग असा प्रकार या क्षेत्रात आढळतो; ॲमेझॉनच्या ग्लेशियर या स्वस्त प्रकारात तर निवडलेल्या वर्गानुसार फाइल हाती यायला काही तासही लागू शकतात.

चढवण्यापूर्वी वेव्हचे रूपांतर फ्लॅक स्वरूपात करावे. त्यात आवाजाचा एकही अंश गमावला जात नाही आणि आकार बहुधा निम्म्याच्या आसपास येतो. शिवाय फ्लॅक फाइलच्या आरंभीच मूळ आवाजाची एमडी-५ खूण, म्हणजे त्या आवाजावरूनच गणिताने काढलेली छोटी ओळखसंख्या, नोंदलेली असते, त्यामुळे फाइल शाबूत आहे की नाही हे दहा वर्षांनीही एका आज्ञेने तपासता येते. माझ्या दृष्टीने ही सोय कोणत्याही कंपनीच्या आश्वासनापेक्षा मोलाची आहे.

सेवा बंद पडण्याची आपली शंका रास्त आहे. उबंटू वन २०१४ मध्ये बंद झाली, वुआला २०१५ मध्ये, कॉपी २०१६ मध्ये. ॲमेझॉनसारख्या बलाढ्य कंपनीनेही आपली ॲमेझॉन ड्राइव्ह ही सेवा ३१ डिसेंबर २०२३ रोजी थांबवली. यांनी निदान पूर्वसूचना दिली होती. २०१२ च्या जानेवारीत मेगाअपलोड या फाइली ठेवण्याच्या सेवेवर कारवाई झाली तेव्हा मात्र तेथे वैध फाइली ठेवणाऱ्यांनाही त्या काढून घेण्याची संधी मिळाली नाही. यावर उपाय एकच: निदान एका संगणकावर सर्व फाइलींची खरी, पूर्ण प्रत असली पाहिजे. आजकाल बहुतेक सेवा डिस्कवरची जागा वाचवण्यासाठी फाइलचे केवळ नाव दाखवतात आणि मजकूर मागाहून उतरवतात. गूगल ड्राइव्हमध्ये स्ट्रीम आणि मिरर असे दोन पर्याय आहेत. एका संगणकावर मिररच, म्हणजे पूर्ण प्रत ठेवणारा पर्याय, निवडा.

झोटेरोबद्दल एक सूचना. त्याचे डेटा फोल्डर कोणत्याही सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका. आत एसक्यूलाइटचा डेटाबेस असतो, आणि तो लिहिला जात असताना अर्धवट अवस्थेत सिंक झाला तर कायमचा बिघडू शकतो. झोटेरोची स्वतःची सिंक सोय वापरावी. नोंदींना तेथे मर्यादा नाही. जोडलेल्या फाइलींसाठी ३०० एमबी जागा फुकट मिळते.

निळी शाई

रानवाट यांनी ध्वनिमुद्रणांविषयी जे लिहिले आहे त्याला माझी पूर्ण सहमती आहे. श्रुतलेखनांबाबत थोडी भर घालते, कारण आपली रोजची अडचण तीच आहे.

दोघांनी एकच वर्ड फाइल एकाच वेळी उघडून दोन्हीकडे बदल केले, तर साधी सिंक सेवा त्यांचा मेळ घालू शकत नाही. ती एक जादा प्रत बनवून मोकळी होते, आणि आपण पुन्हा ईमेलच्या काळात जाऊन पोहोचतो. एकत्र लेखन करायचे असेल तर वर्ड आणि वनड्राइव्ह ही जोडी किंवा गूगल डॉक्स, हे दोनच पर्याय मला तुमच्यासाठी व्यवहार्य वाटतात. गूगल डॉक्स वापरायला फार सुटसुटीत आहे, परंतु संगणकावरच्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये त्या दस्तऐवजाची जी फाइल दिसते तिच्यात मजकूर नसतो, फक्त दुवा असतो. तिची प्रत हार्ड डिस्कवर घेतली तर बॅकअप झाला असा समज होतो, आणि प्रत्यक्षात हाती काहीच नसते. ठरावीक काळाने गूगल टेकआउट या आपला डेटा काढून घेण्याच्या सोयीतून सगळे वर्ड स्वरूपात उतरवून घेण्याची शिस्त नसेल तर तो मार्ग घेऊ नये.

लिनक्सचा मुद्दाही निर्णायक ठरू शकतो. ड्रॉपबॉक्स आणि मेगा यांची लिनक्ससाठी अधिकृत प्रणाली आहे. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांची नाही, तेथे ब्राउझर किंवा क्लाउडशी फाइलींची ने-आण करणारे आरक्लोनसारखे साधन वापरावे लागते. सामायिक फोल्डरच्या जागेचा हिशोबही विचारून घ्या: ड्रॉपबॉक्सच्या वैयक्तिक खात्यांत सामायिक फोल्डर प्रत्येक सदस्याच्या वाट्यातून जागा घेतो, तर गूगल ड्राइव्हमध्ये फाइल फक्त तिच्या मालकाच्या खात्यात मोजली जाते. शिवाय ड्रॉपबॉक्सचे फुकट खाते २०१९ पासून तीनच उपकरणांवर चालते.

मी आपल्या जागी असते तर वनड्राइव्ह घेतले असते आणि लिनक्सवर ब्राउझरमधून काम केले असते. वर्डची सवय तिघांनाही आहे, आणि ती मोडायला लावणारी सेवा कितीही चांगली असली तरी महिन्याभरात मागे पडते.

ध्वनिवेध

दोघांचेही मनःपूर्वक आभार. साहित्याचे दोन भाग करण्याची कल्पना आम्हाला आधी सुचली नव्हती. आणखी दोन गोष्टी विचारतो. काही ज्येष्ठांनी नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवरच मुलाखत दिली आहे, आणि काही मुलाखतींत घराण्यांतील वादांचे तपशील आहेत. ते सेवा देणाऱ्या कंपनीलाही ऐकता येऊ नयेत अशी आमची इच्छा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या फाइलींची नावे देवनागरीत आहेत, आणि सहकाऱ्यांच्या मॅकवरून आलेल्या फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या फेरीतील मुलाखत’ ही फाइल लिनक्सवर दोनदा दिसते. दोन्ही नावे अक्षरशः सारखीच आहेत. हे कशामुळे होत असावे?

रानवाट

गुप्ततेविषयी लिहितो, नावांचा प्रश्न जाणकारांसाठी सोडतो.

गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ड्रॉपबॉक्स या तिघांकडेही फाइली प्रवासात आणि साठवणीत एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, असतात, पण सर्वसाधारण खात्यांत किल्ली कंपनीकडेच असते. आपल्याला जे हवे आहे त्यासाठी किल्ली फक्त आपल्याजवळ असायला हवी. मेगा २०१३ पासून, म्हणजे सुरुवातीपासूनच, असे एन्क्रिप्शन देते. मात्र २०२२ मध्ये ईटीएच झुरिक या विद्यापीठातील संशोधकांनी तिच्या रचनेतील गंभीर त्रुटी दाखवून दिल्या आणि कंपनीला दुरुस्ती करावी लागली. प्रोटॉन ड्राइव्ह २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि २०२४ मध्ये तिच्यात एकत्र लेखनाची सोयही आली. ॲपलने आयक्लाउडसाठी असे संरक्षण २०२२ च्या डिसेंबरात ऐच्छिक म्हणून आणले, पण २०२५ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधील नव्या वापरकर्त्यांसाठी ते मागे घेतले. म्हणजे कंपनीने दिलेली सोय कंपनी काढूनही घेऊ शकते, आणि म्हणूनच फाइल आपल्या संगणकावरून बाहेर पडण्याआधी आपणच एन्क्रिप्ट करणे मला अधिक खात्रीचे वाटते.

त्यासाठी क्रिप्टोमेटर हे मुक्त साधन योग्य आहे. ते कोणत्याही सेवेच्या फोल्डरमध्ये चालते आणि प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट करते, त्यामुळे एक श्रुतलेखन बदलले तर तेवढेच पुन्हा अपलोड होते. व्हेराक्रिप्ट हे साधन सगळ्या फाइली एकाच मोठ्या एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीत, जणू एका डब्यात, ठेवते; तो डबा सिंक फोल्डरमध्ये ठेवणे टाळा; मूळ सेटिंगनुसार आतला मजकूर बदलला तरी त्या डब्याची तारीख बदलत नाही, आणि सिंक सेवेला बदल कळत नाही. ध्वनिमुद्रणे चढवताना आरक्लोनमधील एन्क्रिप्शनची सोय वापरावी.

याची किंमत अशी की क्रिप्टोमेटरमध्ये ठेवलेल्या फाइलीवर दोघांना एकाच वेळी लिहिता येत नाही. म्हणून फक्त संवेदनशील मुलाखती त्यात ठेवाव्यात, त्यांवर एका वेळी एकानेच काम करावे, आणि बाकीची श्रुतलेखने निळी शाई यांनी सुचवल्याप्रमाणे वनड्राइव्हवर ठेवावीत. पासवर्ड हरवला तर कोणीही मदत करू शकणार नाही. पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर छापून दोन जणांकडे सुरक्षित ठेवा.

कळफलक

नावांच्या प्रश्नाचे मूळ ‘ऱ्या’मध्ये आहे. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र एक चिन्ह म्हणून लिहिता येते, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनीही. मॅकची जुनी फाइल प्रणाली नावे साठवतानाच त्यांची फोड करीत असे. २०१७ मध्ये आलेली नवी प्रणाली दोन्ही रूपे एकच मानते. लिनक्सला मात्र ती दोन भिन्न नावे दिसतात, म्हणून फाइल दोनदा उमटते. याशिवाय ‘र’, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (डोळ्यांना न दिसणारे एक चिन्ह) यांनी तोच आकार काढण्याची तिसरी पद्धतही प्रचलित आहे, आणि ती तर पहिल्या दोहोंशी कोणत्याच यंत्रणेत आपोआप जुळवली जात नाही. कोणते रूप उमटते हे कळफलकाच्या मांडणीवर अवलंबून असते.

दुसरी मर्यादा लांबीची. लिनक्सवर फाइलचे नाव २५५ बाइटपर्यंत असू शकते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते; म्हणजे मात्रा आणि हलन्त धरून जेमतेम ८५ चिन्हे. ‘स्त्री’ या एका अक्षरातच सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट जातात. विंडोजला नावात विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविरामचिन्ह आणि प्रश्नचिन्ह चालत नाही, त्यामुळे लिनक्सवर तशी नावे दिलेल्या फाइली विंडोजवर उतरताना अडकतात.

देवनागरीत नावे देता यावीत असे मलाही मनापासून वाटते, परंतु अभिलेखासाठी मी रोमन अक्षरे व अंक यांचा ठरावीक संकेत सुचवीन: वर्ष, महिना, दिवस आणि मुलाखतीचा क्रमांक, इतकेच. पूर्ण शीर्षक, व्यक्तीचे नाव आणि बाकीचा तपशील एका स्वतंत्र तक्त्यात देवनागरीत ठेवावा, आणि तो तक्ता क्रिप्टोमेटरच्या आत असावा, म्हणजे गुप्ततेची अट फाइलींच्या नावांतही पाळली जाईल. नावे बदलण्याचे काम सिंक थांबवून एकाच संगणकावर करा, शक्यतो लिनक्सवर, कारण दोन्ही रूपे तेथे वेगवेगळी दिसतात. दुहेरी दिसणाऱ्या फाइलींपैकी एक पुसण्याआधी दोन्हींचे एसएचए-२५६ मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखसंख्या, काढून पाहा. ते वेगळे आले तर दोन्ही प्रती वेगळ्या क्रमांकांनी ठेवाव्यात आणि ऐकूनच निर्णय घ्यावा.