मदत हवी आहे: कॉपर सल्फेटचा एलसी50 (निम्मे मासे मरतात ते पाण्यातलं प्रमाण) दोन बॅचमध्ये चौपट वेगळा येतोय

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सायप्रिनसच्या (कार्प माशाच्या) बोटुकल्यांवर कॉपर सल्फेटची 96 तासांची चाचणी करतेय. मासे एकाच लॉटमधले, वजन आणि तापमान सारखं, कंट्रोलमध्ये मरतूक नाही, ऑक्सिजन कायम 60 टक्क्यांच्या वर. तरी पहिल्या बॅचचा एलसी50 दुसरीच्या जेमतेम पाव आलाय.

फरक फक्त पाण्याचा. पहिल्या वेळी क्लोरीन उडवलेलं नळाचं, हार्डनेस (जडपणा, लिटरमागे मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट) साधारण 60, पीएच 7.1. नंतर बोअरचं, हार्डनेस 240 च्या आसपास, पीएच 7.9. ओईसीडी 203 मध्ये (माशांवरच्या विषारीपणाच्या चाचणीची आंतरराष्ट्रीय नियमावली) 10 ते 250 हार्डनेस चालतो, म्हणजे दोन्ही चाचण्या नियमात बसतात!

पुढे एलसी50 च्या दहाव्या हिश्शात मासे ठेवून कल्ल्यांची हिस्टॉलॉजी (ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) करायची आहे. कोणता आकडा धरू? एक मित्र म्हणतो सरासरी काढ.

कल्लेदार:
सरासरी नको! दोन्ही आकडे खरे आहेत, आपापल्या पाण्यापुरते.

माशाला मारतो तो मुख्यतः मोकळा तांब्याचा आयन. तो कल्ल्यांना चिकटतो, तिथलं सोडियम-पोटॅशियम एटीपीएज (हे क्षार पेशींच्या आत-बाहेर नेणारं विकर) बंद पाडतो, आणि माशाच्या रक्तातलं सोडियम घसरत जातं. जड पाण्यातला कॅल्शियम त्याच जागांवर आधी बसतो, शिवाय कल्ल्यांमधून होणारी सोडियमची गळतीही कमी करतो. त्यात पीएच चढा असला की बरंचसं तांबं कार्बोनेटशी बांधलं जातं. बाटलीतून मोजून घातलं तेवढं, पण माशाला भिडलं कमी.

अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) 1985 मध्ये तांब्याची मर्यादा हार्डनेसवरच बेतली होती. त्या सूत्रात हार्डनेस चौपट केला तर मर्यादा सुमारे 3.7 पट होते. तुमच्या फरकाच्या किती जवळ, बघा. 2007 पासून त्यांनी पीएच आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बनही हिशेबात घेतला. म्हणून उरलेलं खाद्य आणि विष्ठा टाकीत राहू देऊ नका, तीही तांबं धरून ठेवतात.

हिस्टॉलॉजी ज्या पाण्यात, एलसी50 त्याच पाण्यातला. बोअरच्या आकड्याचा दहावा हिस्सा नळाच्या पाण्यात घातलात तर तो तिथल्या एलसी50 च्या 40 टक्के होईल. मग लॅमेली (कल्ल्यांच्या बारीक पट्ट्या) चिकटलेल्या, एपिथेलियम (त्यांवरचा पातळ थर) उचललेलं असं सगळं दिसेल आणि तुम्ही त्याला सबलीथल, म्हणजे न मारणाऱ्या मात्रेचा परिणाम, म्हणाल.

जुनी प्रयोगशाळा:
वरच्याशी सहमत. एक भर: आकडा मिठाचा (म्हणजे अख्ख्या कॉपर सल्फेटचा) की धातूचा (नुसत्या तांब्याचा), तेही लिहा. पाच रेणू पाणी असलेल्या कॉपर सल्फेटमध्ये तांबं वजनाने पावच असतं. जुन्या प्रबंधांत हे बरेचदा लिहिलेलंच नसतं, आणि मग तुलना करणारा डोकं धरून बसतो.

धागाकर्ती:
धन्यवाद दोघांना! माझे दोन्ही आकडे मिठाचेच आहेत, धातूत बदलून घेते. पुढचं सगळं नळाच्या पाण्यात करायचं ठरवलंय. पण टाकीतलं तांबं रोज मोजायला हवं का? आमच्याकडे एएएसची (धातूचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राची) पाळी आठवड्याने येते.

कल्लेदार:
नमुने रोज घ्या, पाणी बदलण्याआधी आणि बदलल्यावर. गाळून नायट्रिक आम्ल घालून ठेवा, आठवडाभर सहज टिकतात. पाळी आली की एकदम मोजा.