नॅप, डोझ, ड्राउझ : तिन्हीकडे डुलकीच का?

प्रश्न : भाषांतर करतेय. मूळ इंग्रजीत एकाच पानावर नॅप, डोझ आणि ड्राउझ आलेत आणि माझा शब्दकोश तिन्हींपुढे ‘डुलकी’ लिहून मोकळा! कुठे काय वापरू?

उत्तर : आधी एवढंच बघा, माणूस झोपायचं म्हणून आडवा झालाय की झोपेनंच त्याला गाठलंय? नॅप ठरवून काढतात. पडदा ओढला, ‘अर्ध्या तासानं उठव गं’ म्हणून सांगितलं, की तो नॅप. डोझ सहसा नकळत होतो. बातम्या बघता बघता आजोबांची मान छातीवर येते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरतो, आणि टीव्ही बंद केला रे केला की ‘अगं, बघतोय मी!’ हा अस्सल डोझ. झोप आणि जाग यांची ये-जा सुरूच असते. म्हणून डोझला ‘डुलकी’ किंवा ‘डोळा लागला’, नॅपला ‘जरा पडले’, ‘थोडी झोप काढली’.

ड्राउझ झोपेच्या अलीकडचा. डोळ्यांवर झापड आहे, झोप लागलेली नाही, आपलं ‘पेंगणं’. सर्दीच्या काही गोळ्यांच्या पाकिटावर ‘ड्राउझिनेस’ची सूचना असते ती हीच.

स्नूझ बोलीतला, जरा थट्टेचा; नॅप आणि डोझ दोन्हींच्या जागी चालतो. १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं ‘स्नूझ-अलार्म’ घड्याळ आणलं. मराठीत मात्र आपण गजरालाच ‘स्नूझ करतो’, स्वतः कधी स्नूझत नाही!

आणखी एक : नॅपला वामकुक्षी का नको?

उत्तर : दुपारच्या जेवणानंतरचा असेल तर खुशाल लिहा. पण वामकुक्षी म्हणजे जेवून डाव्या कुशीवर पडणं. ती सिएस्टाला, म्हणजे स्पेनकडच्या दुपारच्या झोपेला, जवळची. तो स्पॅनिश शब्दही लॅटिनमधल्या ‘सहाव्या तासा’वरून, म्हणजे भर दुपारवरून आलाय. रात्रपाळीच्या नर्सनं पहाटे तीनला काढलेल्या झोपेला वामकुक्षी कसं म्हणणार? आणि ‘कॉट नॅपिंग’ (caught napping) दिसलं तर झोपेचं नावही काढू नका. ते ‘बेसावध सापडला’.

प्रश्नकर्ती : स्लंबर?

उत्तर : तो हलक्या झोपेचा असेलच असं नाही. कवितेत भेटतो. ‘निद्रा’ ठेवा.

प्रश्नकर्ती : मग माझं वाक्य असं : ‘पहारेकरी मघापासून पेंगत होता, पहाटे त्याचा डोळा लागला, साहेब तर आत केव्हाच जरा पडले होते.’

उत्तर : झकास. ‘तर’ तेवढा काढा.