वेदीपाशी ठेवलेलं अर्पण
खरी उपासना मोठ्याने गाण्यात की शांत प्रार्थनेत, असा वाद आम्हा ख्रिस्ती लोकांत चालतो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायातली शोमरोनी (शोमरोन प्रांतातली) बाईही असंच विचारते: उपासना कुठे करायची, हा डोंगर की यरुशलेम? येशू तिला जागा सांगतच नाही. आत्म्याने आणि खरेपणाने, एवढंच म्हणतो. मला त्याहून अवघड जातो मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय. तिथे येशू म्हणतो: वेदीपाशी आल्यावर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवायचं, आधी समेट करायचा, मग यायचं. म्हणजे उपासना अर्ध्यावर सोडायची! चूक कोणाची, हेही येशू विचारत नाही. मी धाकट्या भावाशी तीन वर्षं अबोला धरून प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेत होते. शेवटी त्याला फोन केला. पुढच्या रविवारी गाताना आवाजच फुटेना.