मदत हवी आहे : टेबल फॅनच्या पात्याचा नट सुटत नाही

टेबल फॅनवर तेलकट काळी धूळ साचली आहे. पुढची जाळी निघाली, पण पात्यावरचा प्लॅस्टिकचा नट डावीकडे कितीही फिरवला तरी हलत नाही. शिवाय बटण दाबल्यावर पंखा नुसता गुणगुणतो, बोटाने ढकलला तरच फिरतो. हे धुळीमुळे होतंय का?

प्रतिसाद १
डावीकडे फिरवणं थांबवा, नट आणखी आवळला जातोय! बहुतेक टेबल फॅनमध्ये या नटाला उलटे आटे असतात, म्हणजे पंखा चालताना तो आपोआप सैल होत नाही. प्लग काढा, पातं एका हाताने धरा आणि नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. मागच्या जाळीचा नट मात्र सरळ आट्यांचा असतो.

पातं आणि जाळ्या कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून पंधरा मिनिटं भिजवा, मग मऊ ब्रशने घासा. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिकचं पातं वाकडं होतं. थिनर तर अजिबात नको, त्याने प्लॅस्टिक विरघळतं किंवा तडकतं. मोटरला पाणी लावू नका; तिच्या कव्हरच्या झरोक्यांतली धूळ कोरड्या ब्रशने काढा.

प्रतिसाद २
ढकलावं लागण्याबद्दल : पातं काढलेलं आहे तोवर मोटरचा दांडा बोटांनी फिरवून बघा. जड फिरला तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची कडी) कोरडा पडलाय. दांड्याला गुंडाळलेले केस-धागे काढा आणि पुढच्या-मागच्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब द्या. खोबरेल घालू नका, ते कालांतराने चिकट होऊन दांडा पुन्हा जाम होतो.

दांडा अगदी मोकळा फिरत असेल, तर संशय कपॅसिटरवर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा छोटा भाग). बदलताना जुन्यावर छापलेलेच मायक्रोफॅरड (त्याच्या क्षमतेचं माप) घ्या, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते, म्हणून सवय नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडे द्या.

धागाकर्ता
नट सुटला, आभार! दांडा जड होता, तेल दिल्यावर मोकळा झाला. पण धुतलेलं पातं बसवल्यावर पंखा थरथरतोय.

प्रतिसाद १
दांड्यात एक आडवी पिन असते. पात्याच्या मागची खाच तिच्यावर बसली नाही तर पातं तिरकं राहतं. नट काढा, पातं हळूहळू फिरवत मागे दाबा. खाचेत बसलं की ते दांड्यावर स्वतंत्र फिरत नाही. मग नट हाताने आवळा, पक्कड लावलीत तर प्लॅस्टिकचे आटे जातील.