वास्तुविशारद फे जोन्स यांच्या कामातून आपण काय घ्यावे?

प्रश्न (बेलापूर) :
नमस्कार. मी वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला असून अमेरिकेतील आर्कान्सा राज्याचे वास्तुविशारद फे जोन्स (१९२१–२००४) यांच्यावर प्रबंध लिहीत आहे. फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे उमेदवारी केल्यावर ते फेएटव्हिलला स्थिरावले, तिथल्या विद्यापीठात शिकवत राहिले आणि बहुतांशी घरेच बांधली. तरीही १९९० साली अमेरिकी वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. नवी मुंबईत काम करू पाहणाऱ्याने त्यांच्याकडून नेमके काय शिकावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (वाशी) :
जोन्स यांच्या थॉर्नक्राउन चॅपेल या छोट्या प्रार्थनागृहापासून सुरुवात करा. आर्कान्सातील युरेका स्प्रिंग्जजवळच्या रानात १९८० साली उभी राहिलेली ही वास्तू २४ फूट रुंद, ६० फूट लांब आणि ४८ फूट उंच आहे. भोवतालची झाडे राखायची म्हणून दोन माणसांना अरुंद पायवाटेने उचलून नेता येईल एवढ्याच मापाचे पाइनचे लाकूड वापरायचे, असे जोन्स यांनी ठरवले. छताखाली एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या लाकडांची दाट जाळी या अटीतून जन्मली. ती लाकडे जिथे मिळतात तिथे पोकळ पोलादी सांधा आहे, त्यामुळे ऐन जोडाच्या मध्यातूनही उजेड आरपार येतो. हा तपशील मला संपूर्ण इमारतीइतकाच मोलाचा वाटतो.

उत्तर (ठाणे) :
सहमत आहे, मात्र रूप जसेच्या तसे उचलू नका. आपल्या दमट हवेत आणि वाळवीच्या मुलखात लाकडाचे गणित वेगळे असते. तुमच्या बेलापुरातच वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची आर्टिस्ट्स व्हिलेज ही घरांची वसाहत आहे. घर पुढे वाढवता यावे म्हणून शेजाऱ्यांमध्ये सामायिक भिंत ठेवलेली नाही, आणि बांधकाम स्थानिक गवंड्याला जमेल इतके साधे आहे. बांधणाऱ्याच्या हातांचा विचार आधी करण्याची जोन्स यांची रीत इथे वेगळ्या साहित्यात दिसते. तिथली बरीच घरे आता बदलली आहेत, तेव्हा मूळ आराखडा सोबत ठेवूनच पाहावे.

उत्तर (ऐरोली) :
पावसाचा विचार करायचा असेल, तर जोन्स यांचा मिसिसिपीतील पाइनकोट मंडप अवश्य अभ्यासा. तळ्याकाठच्या त्या मंडपाला भिंती नाहीत, आणि छप्पर कडेकडे विरळ होत जाऊन शेवटी नुसती लाकडेच बाहेर डोकावतात. त्याचा छेद (उभा कापल्यावर दिसेल तसे रेखाटन) स्वतः काढा, आणि तसे छप्पर इथे घातल्यास पागोळ्या कुठे पडतील व झड किती आत येईल, हे त्याच कागदावर मांडा.