आईच्या हनुवटीवरचे पांढरे केस कायमचे काढायचे आहेत – इलेक्ट्रोलिसिसचा अनुभव कुणाला आहे का?

नमस्कार मंडळी,

माझी आई ६८ वर्षांची, सोलापुरात राहते. मागच्या हिवाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. दुसऱ्या डोळ्याचे थेंब संपले त्या आठवड्यात ती सकाळी खिडकीपाशी आरसा घेऊन बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग मला हाक मारून विचारलं, "हे इतके दिवस तुम्हाला सगळ्यांना दिसत होतं?"

हनुवटीवर आणि जबड्याच्या खालच्या कडेला वीसेक केस आहेत. लव नव्हे, चांगले राठ, मासे धरायच्या तंगुसासारखे. घरात ट्यूबलाइटखाली कळत नाहीत, पण उन्हात चमकतात. मला दिसत होते. तिला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नव्हते. "मग सांगायचं नाही का गं?" असं ती म्हणाली, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून ती भजनी मंडळात जाईना. फोटो काढायचा म्हटलं की पदर हनुवटीपर्यंत येतो. माझा मुलगा "आजी टोचतेस" म्हणाला, तेव्हापासून त्याची पापी घेणंही बंद झालंय. तिचा हात थोडा थरथरतो, त्यामुळे चिमट्याने केस मुळातून न निघता मध्येच तुटतो. मग तो आतल्या आत वाढतो, तिथे फोड येतो आणि फोड बसला की काळा डाग उरतो. आता केसांपेक्षा डागच जास्त झालेत.

आमची फसगत कुठे झाली तेही सांगते. जवळच्या एका क्लिनिकमध्ये लेझरचं सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं, पैसे आधी भरले. दोन सिटिंग झाली. जे चार-पाच केस काळे होते ते गळाले, पांढरे होते तिथेच. विचारलं तर म्हणाले, "अजून दोन होऊ द्या, मग फरक दिसेल." शेवटी दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी आईचा चेहरा खिडकीकडे वळवून बघितला आणि म्हणाले, "आजी, लेझरला काळा रंग लागतो. तुमच्या या केसांत तो उरलेलाच नाही." पहिल्या दिवशी हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर पैसे तर वाचले असतेच, पण आई दोन वेळा आशा लावून बसली तेही टळलं असतं.

या डॉक्टरांनी इलेक्ट्रोलिसिस सुचवलंय, म्हणजे सुईने एकेका केसाच्या मुळाशी वीज सोडून तो काढणं. पुण्यात करून मिळेल म्हणाले. माझे प्रश्न:

या वयाच्या बाईला ते सोसतं का? आईला मधुमेह आहे (गोळ्यांवर, आटोक्यात) आणि रोज ॲस्पिरिन चालू आहे. सावळ्या त्वचेवर डाग राहतात का? आणि केस खरंच परत येत नाहीत का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

पारिजात:

ताई, मी केलंय. पाळी गेल्यानंतर दोन वर्षांत माझ्या हनुवटीवर असेच केस आले, तेव्हा मी ५४ची होते. आता एकही नाही.

नेमकं काय करतात ते सांगते, म्हणजे काकूंना कल्पना येईल. खुर्चीवर आडवं करतात, वर दिवा लावलेलं मोठं भिंग असतं. केसाइतकीच बारीक सुई केसाच्या कडेने, तो ज्या छिद्रातून आलाय त्याच छिद्रात सरकवतात. सुई जाताना दुखत नाही, कारण कातडीला भोक पाडायचं नसतं. मग क्षणभर विजेचा प्रवाह सोडतात, तेव्हा लाल मुंगी चावल्यासारखं चर्रकन होतं. त्यानंतर चिमट्याने केस उचलला की लोण्यातून काढावा तसा अलगद येतो. केस उपटल्याची ओढ जाणवली तर समजायचं, मूळ नीट मेलेलं नाही. माझ्या बाई प्रत्येक वेळी विचारायच्या, "ओढ लागली का?" लागली तर तो केस ओढून न काढता पुन्हा प्रवाह द्यायच्या. काम जाणणारी बाई मी यावरून ओळखते.

वेळ मात्र लागतो. सुरुवातीला दर आठवड्याला वीस मिनिटं, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. एकूण सव्वा वर्ष गेलं. सगळे केस एकाच वेळी वर आलेले नसतात, काहींची मुळं झोपलेली असतात. ती नंतर उगवतात आणि वाटतं की काढलेलेच परत आले. या टप्प्यावर पुष्कळ जणी सोडून देतात. काकूंना हे आधीच सांगून ठेवा.

आणि आत्तापासून चिमटा बंद! सुई आत न्यायला केस बाहेर दिसावा लागतो. फारच लाज वाटत असेल तर छोट्या कात्रीने कापा.

---

वैद्यकवारी:

मी त्वचारोग विभागात काम करते. वरचा अनुभव अगदी बरोबर आहे. त्यात थोडी भर घालते.

लेझरचा प्रकाश केसातल्या मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि ती मुळाला भाजते. हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडलं आणि आजची केस काढायची सगळी लेझर यंत्रं त्याच पायावर उभी आहेत. म्हणून यंत्र ॲलेक्झांड्राइट असो, डायोड असो की एनडी-याग, केस पांढरा असेल तर पकडायला रंगच नाही. घरी वापरायच्या आयपीएल (प्रखर प्रकाशाचे झोत सोडणाऱ्या) यंत्रांचंही तेच. "आमचं मशीन नवीन आहे, पांढऱ्यावरही चालतं" असं कुणी म्हणालं तर पैसे भरू नका.

इलेक्ट्रोलिसिसला रंगाशी देणंघेणं नाही. ही पद्धत लेझरपेक्षा फार जुनी आहे. १८७५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात टोचणाऱ्या उलट्या पापण्या काढायला ती वापरली. तिचे तीन प्रकार आहेत. गॅल्व्हानिकमध्ये प्रवाहामुळे मुळाशी असलेल्या मिठापाण्याचं कॉस्टिक सोड्यात रूपांतर होतं आणि ते मूळ खाऊन टाकतं. यात दर केसाला वेळ जास्त लागतो. थर्मोलिसिसमध्ये उष्णतेने मूळ जळतं, ते झटपट होतं. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र. अमेरिकेची औषध नियामक संस्था लेझरला 'केस कायमचे कमी करणं' एवढंच म्हणू देते. 'कायमचे काढणं' हे शब्द इलेक्ट्रोलिसिससाठीच आहेत.

आता तुमच्या आईंबद्दल. मधुमेह आटोक्यात असेल तर सहसा अडचण येत नाही, पण जखम भरायला वेळ लागू शकतो, म्हणून एका बैठकीत थोडेच केस घ्यायला सांगा. ॲस्पिरिनबद्दल आधी सांगा, पण गोळी मनाने बंद करू नका. हृदयात पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मुळीच नको. सुई तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली हवी आणि वापरून झाल्यावर फेकलेली हवी.

आपल्या सावळ्या त्वचेवर डागांची भीती खरी आहे. पहिल्या दिवशी जबड्याखाली, सहज न दिसणाऱ्या जागी पाचच केस काढून घ्या आणि महिनाभर थांबा. जागा स्वच्छ राहिली तर पुढे जा. नंतर बारीक खपल्या धरतात, त्या नखाने काढायच्या नाहीत. उन्हात जाताना सनस्क्रीन हवंच.

दोन प्रश्न तुम्हालाही. केस गेल्या काही महिन्यांतच अचानक वाढले का, आवाज घोगरा झाला का, डोक्यावरचे केस विरळ होताहेत का? यातलं काही असेल तर आधी हार्मोनच्या तपासण्या करा. हळूहळू वर्षानुवर्षं आले असतील तर बहुतेक वेळा पाळी गेल्यानंतरचा बदल असतो. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटतं आणि अँड्रोजेन या पुरुषी हार्मोनचा प्रभाव वरचढ ठरतो. दुसरं, चेहरा उजळायला म्हणून एखादी ट्यूब लावतात का? अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं, आणि ते बरेच दिवस लावलं की चेहऱ्यावर केस वाढतात.

---

माळरान:

राग मानू नका, पण अडुसष्टाव्या वर्षी एवढा खटाटोप कशाला? वयाप्रमाणे होतंच. माझी आजी बेसन-हळद चोळायची.

---

धागाकर्ती:

@माळरान, राग नाही. पण आईने आयुष्यभर आरशासमोर पाच मिनिटंसुद्धा घालवली नाहीत. आज ती एक गोष्ट मागतेय. वयाचा आणि मागण्याचा संबंध मला लावता येत नाही. बेसन चोळून झालंय, त्याने नुसती लव निघते. या केसांवर चोळलं तर कातडी तेवढी लाल होते.

@वैद्यकवारी, केस हळूहळूच आले, आवाज तसाच आहे. पण ट्यूबचं वाचून मी तिचं कपाट उघडलं. शेजारच्या मेडिकलमधून आणलेली एक क्रीम निघाली, डागांवर लावत होती. नाव बघितलं, बीटामेथासोन आहे, म्हणजे स्टेरॉइडच. डॉक्टरांना दाखवून काय करायचं ते विचारते.

सगळं होईपर्यंत मधल्या काळात काय करू? थ्रेडिंगला ती तयार नाही, सैल कातडीवर दोरा फार लागतो म्हणते. केस रंगवून लेझर करता येईल का?

---

वैद्यकवारी:

रंगवून उपयोग नाही. रंग वर दिसणाऱ्या केसाला लागतो, लेझरला तो त्वचेखाली मुळाशी हवा असतो.

मधल्या काळासाठी चेहऱ्याचा छोटा रेझर सगळ्यात निरुपद्रवी. वॅक्स नको, या वयात कातडी पातळ झालेली असते आणि पट्टीबरोबर सोलते. एफ्लॉर्निथिन नावाची १३.९ टक्क्यांची क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. ती केस काढत नाही, वाढ मंदावते, आणि पांढऱ्या केसांवरही चालते. दिवसातून दोनदा लावायची, फरक दिसायला साधारण दोन महिने लागतात. बंद केली की वाढ पूर्ववत होते.

---

पारिजात:

रेझरला काकू नाही म्हणतील बघा. "दाट येतील" ही भीती आमच्या घरातही होती. दाट येत नाहीत. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून बोटाला खरखरीत लागतं, एवढंच.

---

धागाकर्ती (पाच आठवड्यांनी):

नाहीच म्हणाली. "मी दाढी करू?" म्हणून डोळ्यात पाणी आणलं. मग मीच रोज सकाळी तिची हनुवटी हातात धरून नखं कापायच्या छोट्या कात्रीने केस कापत आले. आम्ही दोघी इतक्या जवळ बसून किती वर्षांत बोललो नव्हतो. डागांवरची ती स्टेरॉइडची क्रीम डॉक्टरांनी बंद केली.

हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला गेलो, रात्री परत. जबड्याखालचे पाच केस काढले. बाईंनी पाकीट समोर फोडलं, प्रत्येक केसाला "ओढ लागली का?" विचारलं (पारिजात, मी मनात तुमची आठवण काढली). आईने माझा हात घट्ट धरला होता, पण हूं की चूं केलं नाही. दोन दिवस लाली होती, आठवड्यात खपल्या गेल्या. काल खिडकीत नेऊन नीट बघितलं. चार जागी काही नाही, एका जागी फिकट तपकिरी ठिपका आहे.

@वैद्यकवारी, हा ठिपका जाईपर्यंत पुढची बैठक थांबवू की तारीख घेऊ? आई म्हणते घे.

---

वैद्यकवारी:

फिकट असेल तर बहुतेक दोन-तीन महिन्यांत जाईल. तारीख घ्या, पण बाईंना तो ठिपका दाखवा आणि प्रवाह थोडा कमी ठेवायला सांगा. एका वेळी आठ-दहा केसांच्या वर नको.

---

धागाकर्ती:

पुढच्या गुरुवारची तारीख घेतली. शुक्रवारी मंडळाचं भजन आहे, तेव्हा लाली दिसेल म्हटलं तर म्हणाली, "दिसू दे. मी जाणार आहे."